सी ड्राइव्हमधली मोकळी जागा उबुंटूला द्यायची कशी?

डिचोलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वडिलांचा छपाईचा आणि डीटीपीचा व्यवसाय असून जत्रांच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांची हस्तपत्रके, लग्नाच्या पत्रिका हे सारे काम एकाच डेस्कटॉपवरच्या विंडोज ११ मध्ये चालते. त्याच संगणकावर त्याने अभ्यासासाठी उबुंटू ही लिनक्सच्या कुटुंबातली दुसरी सिस्टीम घेतली आहे. एसएसडी ५१२ जीबीची आहे आणि तिच्यावर पार्टिशनांचा, म्हणजे आखून दिलेल्या भागांचा, डावीकडून उजवीकडे क्रम असा आहे: १०० एमबीचे ईएफआय (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाईलींचे) पार्टिशन, १६ एमबीचे मायक्रोसॉफ्टचे राखीव पार्टिशन, ३८१ जीबीचा सी ड्राइव्ह, सुमारे ७५० एमबीचे रिकव्हरी (विंडोजच्या दुरुस्तीचे) पार्टिशन, ४५ जीबीचे उबुंटू आणि शेवटी ५० जीबीचा डी ड्राइव्ह. उबुंटूमध्ये जागा संपल्याची सूचना येऊ लागली आहे. सी मध्ये २०० जीबी मोकळे असूनही विंडोज त्यातले जेमतेम ४० जीबीच सोडायला तयार आहे, आणि सुटलेली जागा रिकव्हरीच्या अलीकडे राहत असल्यामुळे ती उबुंटूला जोडता येत नाही. एका मित्राने सल्ला दिला आहे की रिकव्हरी उडवून टाकावी आणि जीपार्टेड या पार्टिशने बदलणाऱ्या प्रोग्रामने उबुंटूचे पार्टिशन डावीकडे ओढून मोठे करावे. तसे करू का, असा प्रश्न आहे.

माझे उत्तर आहे, करू नका. मी फोंड्यात गेली वीसेक वर्षे संगणक दुरुस्तीचे आणि माहिती परत मिळवण्याचे काम करतो, आणि माझ्याकडे आलेल्या ‘सगळे गेले’ अशा डिस्कांपैकी बऱ्याच डिस्का अशाच एखाद्या ओढाओढीनंतर आलेल्या होत्या. तुम्हाला पाहिजे ती गोष्ट कोणतेही पार्टिशन न ओढता मिळते, आणि ती कशी मिळते ते सांगण्याआधी अडचण नेमकी कोणती आहे हे पाहावे लागेल.

तुम्ही विचारले आहे की सी मधली जागा उबुंटूच्या पार्टिशनला कशी जोडावी. मात्र उबुंटूला जागा जोडूनच मिळाली पाहिजे अशी काही गरज नाही. लिनक्समध्ये सगळ्या फाईलींचे एकच झाड असते आणि त्याच्या कोणत्याही फांदीवर डिस्कच्या कुठल्याही भागातले पार्टिशन बसवता येते. तुमच्या फाईली ज्या ‘होम’ फोल्डरात असतात, त्या फोल्डरासाठी सी च्या शेजारी सुटलेल्या जागेत नवे पार्टिशन केले, तर मध्ये रिकव्हरी असली काय आणि नसली काय, उबुंटूला फरक पडत नाही. विंडोजची सवय असलेल्या माणसाला हे चटकन सुचत नाही, कारण तिथे पार्टिशन म्हणजे स्वतंत्र अक्षराचा स्वतंत्र ड्राइव्ह, आणि म्हणून जागा वाढवायची म्हणजे तोच ड्राइव्ह लांबवायचा, असे मनात पक्के बसलेले असते.

आता ओढण्याला माझा विरोध का, ते सांगतो. पार्टिशनच्या आतली फाईल सिस्टीम आपले सगळे हिशेब पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजून ठेवते. अमुक फाईल सुरुवातीपासून अमुकाव्या खणात आहे, असे तिच्या नोंदींत लिहिलेले असते. त्यामुळे पार्टिशनचा शेवट पुढे नेला, तर आधीची एकही नोंद बदलावी लागत नाही, फक्त खणांची एकूण संख्या वाढते. शेवट मागे आणायचा असेल, तर शेवटच्या भागातल्या थोड्या फाईली आत सरकवाव्या लागतात. पण सुरुवात हलवली की आतला प्रत्येक खण डिस्कवर प्रत्यक्ष उचलून नव्या ठिकाणी लिहावा लागतो, आणि हे लिहिणे जुन्या मजकुराच्याच अंगावरून पुढे सरकत असते. ते अर्ध्यावर थांबले तर अर्धा मजकूर नव्या मोजणीचा आणि अर्धा जुन्या मोजणीचा राहतो, आणि थांबलेले काम तिथूनच पुढे सुरू करण्याची सोय जीपार्टेडमध्ये नाही.

हे मी अनुभवावरून बोलतो आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी म्हार्दोळच्या बाजूच्या एका भजनी मंडळाचा संगणक माझ्याकडे आला होता. १६० जीबीच्या हार्ड डिस्कवर मंडळाची अनेक वर्षांची ध्वनिमुद्रणे होती आणि मला त्यांचे पार्टिशन थोडे डावीकडे घ्यायचे होते. आषाढाचे दिवस, बाहेर मुसळधार पाऊस. काम निम्म्याच्या थोडे पुढे गेले असताना वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी, जी मी आधी तपासायला हवी होती आणि तपासली नव्हती, ती दोन मिनिटेही टिकली नाही. बॅकअप घेतलेला नव्हता. टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशने शोधणाऱ्या प्रोग्रामने पार्टिशनची सीमा सापडली, पण आतली व्यवस्था विस्कटलेली होती. शेवटी फोटोरेकने डिस्क खणाखणाने वाचून फाईली काढल्या. त्या प्रकाराने निघालेल्या फाईलींना मूळ नावे नसतात, एक इंग्रजी अक्षर आणि पुढे एक लांब आकडा एवढेच असते. मंडळातली वडीलधारी माणसे पुढे कित्येक दिवस संध्याकाळी माझ्या दुकानात बसून एकेक फाईल ऐकत होती, हा आवाज कोणाचा, ही कोणत्या वर्षीची, असे ओळखून मला नावे सांगत होती. पुष्कळ मुद्रणे मध्येच तुटलेली निघाली. त्यांतले काही गायक तेव्हा हयात नव्हते. त्यानंतर मी कोणत्याही ग्राहकाच्या पार्टिशनची सुरुवात बॅकअपशिवाय हलवलेली नाही, आणि बॅकअप असतानाही आधी दुसरा मार्ग शोधतो.

तुमची एसएसडी आहे आणि ४५ जीबी हलवायला तिला काही मिनिटेच लागतील, म्हणजे धोका त्या हार्ड डिस्कच्या मानाने कमी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तुमच्याकडे उबुंटूच्या आधी रिकव्हरीलाही हलवावे किंवा उडवावे लागते. विंडोज आपल्या रिकव्हरीचा पत्ता डिस्कवरच्या जागेसह लिहून ठेवते आणि ती हलली की तो पत्ता चुकू शकतो. संगणक चांगला चालू असेपर्यंत हे लक्षात येत नाही. चवथीच्या आधी कामाची गर्दी असताना विंडोज सुरू व्हायला नकार देईल, त्या दिवशी लक्षात येईल. वडिलांचा व्यवसाय ज्यावर चालतो त्या संगणकाची दुरुस्तीची सोय ७५० एमबीसाठी काढून टाकू नये.

म्हणून पहिले काम म्हणजे उबुंटूमध्ये जागा नेमकी कशाने भरली आहे ते पाहणे, कारण पुढचा मार्ग त्यावरच ठरतो. उबुंटूमध्ये ‘डिस्क यूसेज अ‍ॅनालायझर’ असतो, तो उघडून मूळ फोल्डर तपासा. तुमच्या वयाच्या मुलांच्या संगणकांत मला बहुधा होम फोल्डरच फुगलेला दिसतो. पायथॉनची वेगवेगळी वातावरणे, डाउनलोड केलेले डेटासेट, व्हर्च्युअल मशीनच्या वीस-वीस जीबीच्या फाईली तिथे असतात. कधी कधी मात्र डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) प्रतिमा, स्नॅप पद्धतीने घातलेल्या प्रोग्रामांच्या जुन्या आवृत्त्या आणि सिस्टीमच्या नोंदवह्या यांनी होमबाहेरचा भाग भरलेला असतो. जुने कर्नल (सिस्टीमचे गाभे), एपीटीने उतरवलेल्या प्रोग्रामांचा साठा आणि जर्नल (नोंदवही) साफ करून चार-सहा जीबी सुटतात का ते आधी बघा, कारण पुढची कामे करायला सिस्टीमला थोडा श्वास हवा असतो. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी किमान २५ जीबी जागा सांगितली जाते. होम वेगळे काढले तर उरलेल्या सिस्टीमला तुमचे ४५ जीबी आरामात पुरतील, असे माझे मत आहे.

होम भरलेले असेल तर मार्ग सरळ आहे. डॉकरसारख्या गोष्टींनी मूळ पार्टिशनच भरले असेल आणि तेच मोठे करायचे असेल, तर थोडा वेगळा मार्ग आहे, तो मागाहून सांगतो. दोन्हींची पूर्वतयारी मात्र एकच, आणि या पूर्वतयारीत वेळ गेला तर जाऊ द्यावा.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हवर काढलेली प्रत हा बॅकअप होत नाही, कारण डी त्याच एसएसडीचा तुकडा आहे. वडिलांच्या डिझाइनच्या फाईली, त्यांचे जुने मराठी फाँट, ग्राहकांच्या याद्या आणि तुमचे होम फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि मग त्यातल्या तीन-चार फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. एसएसडीच्या बाबतीत मी याचा आग्रह अधिक धरतो. जुन्या हार्ड डिस्कवर चुकून पार्टिशन पुसले गेले, तरी मजकूर जागेवर राहत असे आणि सीमा शोधून तो परत मिळवता येई. आता लिनक्समध्ये एक्स्ट-फोर या तिथल्या नेहमीच्या फाईल सिस्टीमने फॉरमॅट करताना एसएसडीला ‘हे खण रिकामे समज’ असा निरोप आपोआप जातो आणि विंडोजचे झटपट फॉरमॅटही तेच करते. त्यानंतर माझ्यासारख्याकडे डिस्क आणून बहुधा काही उपयोग होत नाही.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे एन्क्रिप्शन, बघा. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या मोठ्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी मांडणी केलेल्या पुष्कळ संगणकांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमधल्या गोपनीयता व सुरक्षिततेच्या भागात ते चालू दिसले, तर ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्या. ही की त्याच संगणकातल्या फाईलीत ठेवून चालणार नाही. काम संपेपर्यंत बिटलॉकर स्थगित ठेवलेले बरे. बिटलॉकर चालू असलेला सी ड्राइव्ह जीपार्टेडला लहान करता येत नाही, विंडोजला मात्र येतो. म्हणून सी ला हात लावायचा तो विंडोजमधूनच.

तिसरी गोष्ट म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचा गाभा झोपवून डिस्कवर लिहून ठेवला जातो. अशा अवस्थेत सी किंवा डी उबुंटूमधून उघडून त्यावर लिहिले तर फाईल सिस्टीम बिघडू शकते, आणि म्हणूनच लिनक्स बहुधा ते ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरते उघडते किंवा उघडायलाच नकार देते. ज्या संगणकावर दोन सिस्टीम आहेत तिथे मी फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करतो. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड खिडकी उघडून हायबरनेशनच बंद केले की तेही बंद होते आणि सी वरची हायबरनेशनची कित्येक जीबींची फाईलही जाते. ही फाईल जाणे तुमच्या पुढच्या अडचणीसाठी महत्त्वाचे आहे.

ती अडचण म्हणजे २०० जीबी मोकळे असताना फक्त ४० जीबी सुटणे. सी ला लहान करताना विंडोज साध्या फाईली आत सरकवते, पण काही फाईली ती चालू असताना हलवू शकत नाही. पेज फाईल (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची फाईल), हायबरनेशनची फाईल, रिस्टोअर पॉइंटच्या (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याच्या) साठ्यातल्या प्रती आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाईल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदवह्या या त्या फाईली. त्यांतली एखादी जरी ड्राइव्हच्या मध्यावर कुठे बसली असेल, तर तिच्या डावीकडची सगळी जागा मोकळी असूनही सी तिच्या अलीकडे आखडू शकत नाही. एखाद्या बसमध्ये पाठीमागच्या बाकावर एकच माणूस हलायला तयार नसावा आणि त्यामुळे मागचा अख्खा भाग रिकामा करता येऊ नये, तसे हे आहे.

अडवणारी फाईल कोणती हे विंडोज स्वतः सांगते, फक्त ते कुठे बघायचे हे फार थोड्यांना ठाऊक असते. सी लहान करण्याचा प्रयत्न एकदा करा, आकडा कमी दिसला की रद्द करा, आणि मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत डीफ्रॅगची २५९ क्रमांकाची नोंद शोधा. शेवटची न हलणारी फाईल कोणती, तिचे नाव तिथे लिहिलेले असते. नावात पेज फाईल दिसली तर व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करून संगणक पुन्हा सुरू करा. ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या फोल्डरातले काही दिसले तर सिस्टीम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करा. त्याने जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातात हे ध्यानात ठेवा. एकेक अडथळा काढून पुन्हा प्रयत्न केला की आकडा टप्प्याटप्प्याने वाढत जातो. माझ्या अनुभवात हायबरनेशन, पेज फाईल आणि रिस्टोअर पॉइंट हे तिन्ही दूर केल्यावर बहुतेकांचे काम होते. काम झाल्यावर पेज फाईल आणि सिस्टीम प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका. डीटीपीचे प्रोग्राम मोठ्या फाईली उघडताना पेज फाईलवर अवलंबून असतात.

इतके करूनही अडलेच आणि २५९ च्या नोंदीत एनटीएफएसची मुख्य नोंदवही दिसली, तर बिटलॉकर पूर्णपणे काढून पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेडने सी चा शेवट मागे आणता येतो, कारण विंडोज चालू नसताना त्या नोंदवह्याही हलवता येतात. त्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासते, ती तपासणी मध्ये तोडू नये. पण ही वेळ बहुधा येणार नाही.

विंडोज लहान करण्याचा आकडा एमबीमध्ये मागते. १०० जीबी सोडायचे असतील तर १०२४०० लिहा. मी तुम्हाला थोडे जास्त, म्हणजे १०३४२४ लिहायला सांगेन, कारण रिकव्हरीला लागून १ जीबी जागा मी मुद्दाम मोकळी सोडतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजचे एक सुरक्षा अपडेट असंख्य संगणकांवर केवळ रिकव्हरी पार्टिशन लहान पडते म्हणून बसत नव्हते, आणि ते २५० एमबींनी वाढवण्याची कृती मायक्रोसॉफ्टला प्रसिद्ध करावी लागली होती. पुढे तशी वेळ आली तर रिकव्हरीच्या डाव्या अंगाला जागा असावी, एवढाच हेतू आहे.

इथे एका गोंधळाबद्दल सावध करतो. विंडोज आणि जीपार्टेड १०२४ च्या पटीत मोजतात, उबुंटूमधला ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम १००० च्या पटीत मोजतो. म्हणून तुमची ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६.९४ दिसते, आणि विंडोजमधला ५० जीबीचा डी ‘डिस्क्स’मध्ये जवळजवळ ५४ दिसेल. नुसत्या आकारावरून पार्टिशन ओळखायला गेलात तर घात होईल. सगळ्या पार्टिशनांना आधीच लेबले देऊन ठेवा, विंडोजमधल्या मांडणीचे छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवा, आणि फॉरमॅटचे बटण दाबण्यापूर्वी आकार, प्रकार आणि लेबल या तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघा.

आता प्रत्यक्ष नवे होम. उबुंटूच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा, कारण तुमचे होम वापरात नसताना प्रत काढणे बरे. जीपार्टेडमध्ये सी आणि रिकव्हरी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, उजवीकडे १ जीबी सोडून, एक्स्ट-फोर पार्टिशन करा आणि त्याला लेबल द्या. त्याचा क्रमांक बहुधा सात येईल आणि ते जागेने मात्र तीन आणि चारच्या मध्ये असेल. हे बघून काही जण घाबरून क्रमांक नीट लावायला जातात. जीपीटी या आजच्या पार्टिशन-पद्धतीमध्ये क्रमांक आणि जागा यांचा क्रम जुळावा लागत नाही, त्यामुळे ते तसेच राहू द्या.

मग जुने उबुंटू आणि नवे पार्टिशन दोन्ही माउंट करून, म्हणजे झाडावर बसवून, आरसिंक या प्रत काढणाऱ्या आज्ञेने होममधला मजकूर नव्या पार्टिशनवर उतरवा. मालकी, परवानग्या आणि दुवे जसेच्या तसे ठेवणारे पर्याय द्या. फाईल व्यवस्थापकातून माऊसने ओढून प्रत काढली तर मालकी बदलते आणि नंतर लॉगिनच होत नाही, अशा तक्रारी मी अनेकदा निस्तरल्या आहेत. आरसिंकमध्ये स्रोताच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, न दिली तर ‘होम’ हा फोल्डरच आत जाऊन बसतो आणि होमच्या आत होम तयार होते. तुम्हाला रेघ द्यायची आहे.

प्रत पूर्ण झाली की जुन्या उबुंटूमधल्या होम फोल्डराचे नाव बदलून ‘होम-जुने’ करा आणि त्या जागी होमच्या मूळ नावाचा रिकामा फोल्डर बनवा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. मग नवे पार्टिशन जुन्या होमच्या डोक्यावर बसते, जुना मजकूर दिसेनासा होतो पण जागा अडवून राहतो, आणि एवढे करून मूळ पार्टिशन अजून भरलेलेच कसे, असा प्रश्न पडतो. त्यानंतर जुन्या उबुंटूच्या एफएसटॅब या, कोणते पार्टिशन कुठे बसवायचे ते सांगणाऱ्या फाईलीत एक ओळ वाढवा: नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक), होमचा मार्ग, एक्स्ट-फोर, डीफॉल्ट्स, आणि शेवटी शून्य व दोन. पार्टिशनचे उपकरण-नाव तिथे लिहू नका. उद्या एखादी डिस्क वाढली तर ती नावे बदलू शकतात, यूयूआयडी तोच राहतो. त्या ओळीत एक अक्षर चुकले तरी उबुंटू सुरू होताना आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबेल. तसे झाले तर घाबरू नका, पेनड्राइव्हवरून पुन्हा येऊन ती ओळ दुरुस्त करता येते, माहितीला काही झालेले नसते.

एक छोटी गोष्ट राहिली. एक्स्ट-फोर आपल्या जागेचा पाच टक्के भाग प्रशासकासाठी राखून ठेवते. मूळ पार्टिशनवर ते योग्यच आहे, पण १०० जीबीच्या होमवर ५ जीबी अडकून राहतात. ट्यून-टू-एफएस या आज्ञेने मी तो भाग होमपुरता एक टक्क्यावर आणतो.

आता तो दुसरा मार्ग, म्हणजे मूळ पार्टिशनच मोठे करणे. तुमच्या मांडणीत एक चांगली गोष्ट आहे जी तुमच्या मित्राच्या नजरेतून सुटली. उबुंटूच्या उजवीकडे डी आहे. डी तिथून उठला तर उबुंटूचा शेवट पुढे नेता येतो आणि सुरुवात जागची हलत नाही. म्हणून सी लहान करून सुटलेल्या जागेत नवे एनटीएफएस पार्टिशन करायचे, डी वरचा सगळा मजकूर तिथे उतरवायचा, जुन्या डी चे अक्षर काढून ते नव्याला द्यायचे, म्हणजे वडिलांच्या प्रोग्रामांना फाईली पूर्वीच्याच पत्त्यावर सापडतील. आठ-दहा दिवस त्यांना नेहमीसारखे काम करू द्यावे. सगळे व्यवस्थित आहे अशी खात्री पटली की मगच जुना डी पुसून उबुंटूचे पार्टिशन उजवीकडे वाढवावे. एक्स्ट-फोर चालू असतानाही वाढवता येते, त्यामुळे इथे पेनड्राइव्हचीही गरज पडत नाही. लहान करायचे असते तेव्हा मात्र ते बंद असावे लागते.

ईएफआय पार्टिशनला दोन्ही मार्गांत हात लावायचा नाही. विंडोज आणि उबुंटू या दोघांना सुरू करणाऱ्या फाईली त्याच १०० एमबींत शेजारी-शेजारी राहतात. उबुंटू आपले कर्नल तिथे ठेवत नसल्यामुळे तेवढी जागा पुरते. लिनक्सच्या ज्या प्रकारांत कर्नलही तिथेच ठेवले जातात, त्यांना ती अपुरी पडते, आणि असा एखादा प्रकार तुम्ही पुढे घेणार असाल तर हिशेब वेगळा करावा लागेल.

हे सारे विंडोज ११ आणि जीपीटीच्या मांडणीला धरून लिहिले आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुन्या संगणकांवर दुसरी सिस्टीम म्हणून लिनक्स घालणारे बरेच जण माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या काही डिस्का अजून जुन्या एमबीआर पद्धतीच्या असतात. तिथे प्राथमिक पार्टिशने चारच करता येतात, आणि चारही भरलेली असताना विंडोज ‘डायनॅमिक डिस्क’ करण्याचा पर्याय पुढे करते. तो स्वीकारला की लिनक्स घालणे फार कठीण होऊन बसते, म्हणून त्या ठिकाणी थांबावे.

कामाला सुरुवात करताना यूपीएस चालू ठेवून भिंतीवरचे बटण एकदा बंद करून बघा आणि संगणक किमान दहा मिनिटे तग धरतो याची खात्री करा. पाऊस आणि गडगडाट असलेल्या दिवशी हे काम काढू नका. वडिलांना दोन दिवस आधी सांगून ठेवा, म्हणजे तातडीची छपाई त्या दिवशी येणार नाही. नवे होम बसल्यावर ‘होम-जुने’ लगेच पुसू नका. पंधरा दिवस उबुंटू नेहमीसारखे वापरा, आणि या काळात जुन्या फोल्डरातली एकही फाईल शोधावी लागली नाही, तर तो पुसा. मूळ पार्टिशनवरची जागा प्रत्यक्षात सुटेल ती त्या क्षणी. त्याआधी डिस्क यूसेज अ‍ॅनालायझरमध्ये होमबाहेर वीस जीबींहून अधिक भरलेले दिसले, तर कोणते फोल्डर किती मोठे आहेत ते कळवा, म्हणजे दुसरा मार्ग घ्यायचा का हे ठरवता येईल.